कुजलेल्या मिरचीत प्रथिनं आणि राख वाढलेली का दिसते?

निळीशाई

नमस्कार मंडळी. काढणीनंतर बुरशी लागलेल्या ढोबळी मिरचीची पोषणमूल्यं निरोगी फळांशी ताडून पाहण्याचं काम चालू आहे. क जीवनसत्त्व आणि साखर घटलेली दिसते, ते अपेक्षितच होतं. पण प्रथिनं, राख आणि तंतू यांचं शेकडा प्रमाण मात्र कुजलेल्या फळात जास्त येतंय. वाचायला गेलं तर कुणी लिहितं बुरशीमुळे प्रथिनं वाढतात, कुणी लिहितं घटतात. दोघांकडे आकडे आहेत.

पद्धत अशी: एकाच ढिगातली कुजलेली आणि निरोगी फळं वेगळी केली, चिरून १०५ अंश सेल्सिअसला वाळवली, पूड केली आणि सगळ्या चाचण्या त्याच पुडीवर केल्या. प्रथिनं केल्डाल पद्धतीने (नायट्रोजनवरून), राख ५५० अंशांवर, तंतू आम्ल-अल्कलीने, कर्बोदकं वजाबाकीने, क जीवनसत्त्व रंगद्रव्याच्या टायट्रेशनने.

विचारायचंय ते हे: ही वाढ खरी मानायची का? आणि कुजलेला भाग कापून टाकला तर उरलेल्या फळाची पोषणमूल्यं शाबूत असतात का?

तराजू

वाढ खरी नाही, शेकडेवारीच्या भागाकारातला छेद लहान झालाय.

समजा १००० ग्रॅम ताजी मिरची आहे. तिच्यात कोरडा भाग ८० ग्रॅम. त्यात साखर ४० ग्रॅम, कच्ची प्रथिनं १० ग्रॅम, राख ५ ग्रॅम, बाकी इतर. म्हणजे कोरड्या वजनावर साखर ५० टक्के, प्रथिनं १२.५ टक्के, राख ६.२५ टक्के. आता बुरशी बसली. तिने २४ ग्रॅम साखर श्वसनात जाळली आणि ती कार्बन डायऑक्साइड होऊन उडून गेली. सोयीसाठी सगळी घट साखरेतलीच धरू. कोरडा भाग उरला ५६ ग्रॅम. राख तीच ५ ग्रॅम, पण आता ती ८.९ टक्के. प्रथिनं तीच १० ग्रॅम, पण १७.९ टक्के. फळात एक कणही भर पडलेली नाही आणि तुमच्या तक्त्यात दोन्ही रकाने जवळजवळ दीडपट झाले.

राख वाढणं शक्यच नाही. बुरशी पालाश किंवा लोह तयार करत नाही. राखेचा आकडा वर गेलेला दिसला की आधी कोरड्या भागाची घट मोजायची, मग बाकीचं बोलायचं. (ओल्या वजनावर आकडे दिले तर गोंधळ आणखी वाढतो, कारण फळ सुकतंही. वाचलेल्या उलटसुलट निष्कर्षांमागे बरेचदा एवढंच असतं: एकाने ओल्या वजनावर मोजलं, दुसऱ्याने कोरड्या.)

सुरुवातीची वजनं घेतलेली नसतील तरी हाती असलेल्या आकड्यांतून थोडं सावरता येईल. प्रत्येक घटकाला राखेने भागा. वरच्या उदाहरणात प्रथिनं भागिले राख आधी २ होतं, नंतरही २ च. म्हणजे प्रथिनं वाढलीही नाहीत, घटलीही नाहीत. साखर भागिले राख आधी ८, नंतर ३.२. म्हणजे साखर ६० टक्के गेली. ४० मधले २४ म्हणजे तेवढेच. अट एकच, फळातून पाणी गळून गेलेलं नसावं. मऊ कुजीत जो रस ठिबकतो त्यात क्षार जातात, सगळ्यात आधी पालाश. पेशीचं पटल फाटलं की तोच पहिला बाहेर येतो. तसं झालं असेल तर राखेचा आधार घेता येणार नाही.

पुढच्या खेपेला प्रत्येक फळाचं वजन पहिल्या दिवशी घ्या, फळं ट्रेमध्ये ठेवा, ट्रेमधला रस फळाबरोबरच धरा आणि निकाल 'सुरुवातीच्या १ किलो ताज्या फळामागे इतके ग्रॅम' असा मांडा. शेकडेवारी हवी तर शेजारी द्या.

पेट्रीतली_नक्षी

तराजूंनी मुख्य मुद्दा सांगितलाच आहे. प्रथिनं आणि तंतू यांच्याबद्दल थोडी भर घालतो, कारण त्यात नुसता छेदाचा प्रश्न नाही.

केल्डाल प्रथिनं मोजत नाही, नायट्रोजन मोजतो. त्याला आपण ६.२५ ने गुणतो. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं आणि त्यात सुमारे ६.९ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १ ग्रॅम कायटिन केल्डालमध्ये ०.४३ ग्रॅम 'प्रथिन' म्हणून उमटतं. शिवाय फळातली प्रथिनं तोडून बुरशीने अमिनो आम्लं केली, त्यातल्या काहींचा अमोनिया केला, तरी नायट्रोजन नमुन्यात असेपर्यंत केल्डाल सगळं प्रथिन म्हणूनच मोजणार. खरी प्रथिनं हवी असतील तर ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने (१० टक्के) साका (तळाशी बसणारा न विरघळणारा भाग) पाडून त्या साक्यातला नायट्रोजन मोजा. कायटिन त्या साक्यातही राहतं हे लक्षात ठेवायचं. त्याहून नेमकं हवं असेल तर अमिनो आम्लांचं पृथक्करण.

तंतूंचं आणखी गमतीचं आहे. फळ मऊ पडतं ते मुख्यतः पेक्टिन विरघळल्यामुळे. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा थर बुरशीची पेक्टिनेज एन्झाइमं खातात. पण आम्ल-अल्कलीच्या 'कच्च्या तंतू' पद्धतीत पेक्टिन मुळात मोजलंच जात नाही. ते उकळतानाच निघून जातं. मागे राहतं सेल्युलोज, थोडं लिग्निन आणि बुरशीच्या भित्तिकेचा काही भाग. म्हणजे जे नष्ट झालं ते तुमच्या चाचणीला दिसत नाही आणि जे बुरशीने आणलं ते दिसतं. एकूण आहारी तंतूंची एन्झाइम पद्धत वापरा, विद्राव्य आणि अविद्राव्य वेगळे काढा. विद्राव्य तंतूंची घसरण लगेच दिसेल.

नमुन्यात बुरशी किती आहे हे कळायला एर्गोस्टेरॉल मोजता येतं, एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) २८२ नॅनोमीटरला. हे स्टेरॉल बुरशीच्या पटलात असतं, निरोगी मिरचीत जवळपास नसतं. त्याचा आलेख 'प्रथिनां'च्या आलेखाशेजारी ठेवला की वाढ कुणाची आहे ते कळतं. अपवाद फायटॉप्थोराचा. मिरचीवर ती येते, आपण सगळे तिला बुरशीच म्हणतो, पण ती खऱ्या बुरशींच्या कुळातली नाही आणि तिच्यात एर्गोस्टेरॉल सापडत नाही.

क्षारपाणी

क जीवनसत्त्वाचे आकडे मात्र बाजूलाच ठेवा. १०५ अंशांवर वाळवलेल्या पुडीत क जीवनसत्त्व मोजण्यात काही अर्थ नाही. ओव्हनमध्येच बहुतेक गेलेलं असतं, आणि कुजलेल्या व निरोगी फळात ते सारख्या वेगाने जात नाही. कुजलेल्या फळाच्या पेशी आधीच फुटलेल्या, ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज (क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण करणारं एन्झाइम) मोकळं, हवा आत. ओव्हन तापेपर्यंत तिथे ऑक्सिडीकरण जोरात चालतं. तुम्ही मोजलेल्या फरकात कुजण्याचा वाटा किती आणि वाळवण्याचा किती, हे आता वेगळं काढता येणार नाही.

ताज्या गरावर असं करा:

१० ग्रॅम गर, स्टीलची सुरी, तांब्या-पितळेचं काही नको, कारण तांब्याच्या अंशानेही ऑक्सिडीकरण वाढतं. चिरल्याबरोबर, म्हणजे खरंच चिरल्याबरोबर, ३ टक्के मेटाफॉस्फोरिक आम्लात बुडवून वाटा. त्याच आम्लाने १०० मिलीपर्यंत न्या, गाळा, १० मिली घेऊन टायट्रेट करा. रंगद्रव्य: ५० मिलिग्रॅम डायक्लोरोफिनॉल-इंडोफिनॉलचं सोडियम लवण आणि ४२ मिलिग्रॅम सोडियम बायकार्बोनेट गरम पाण्यात विरघळवून, थंड करून २०० मिली. गडद बाटलीत, फ्रिजमध्ये, आणि रोज प्रमाणित ॲस्कॉर्बिक आम्लाशी (म्हणजे क जीवनसत्त्वाशी) ताडून. फिकट गुलाबी रंग १५ सेकंद टिकला की थांबायचं.

अडचण लाल मिरचीत येते. अर्क मुळात नारिंगी-लाल, त्यात गुलाबी छटा कधी आली ते डोळ्याला कळत नाही, आणि माणूस नकळत जास्त रंगद्रव्य घालतो. कुजलेल्या भागाचा अर्क तपकिरी असतो, तिथेही तेच. अशा नमुन्यांना एचपीएलसीला पर्याय नाही. दुसरं म्हणजे हे टायट्रेशन फक्त क्षपित, म्हणजे ऑक्सिडीकरण न झालेलं ॲस्कॉर्बिक आम्ल पकडतं. त्याचं डिहायड्रो रूपही शरीरात क जीवनसत्त्वाचं काम करतं, आणि कुजताना आधी क्षपित रूपाचं डिहायड्रो होतं, मग ते कायमचं फुटतं. फक्त टायट्रेशन केलं तर नुकसान आहे त्यापेक्षा लवकर आणि जास्त झाल्यासारखं वाटतं. एचपीएलसीत क्षपणकारक घालून एक वाचन आणि न घालता एक, अशी दोन घ्या.

नमुना लगेच तपासता येत नसेल तर द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० ला. घरगुती फ्रीझरमध्ये सावकाश गोठवून मग वितळवलं की पेशी फुटतात आणि पुन्हा तीच कथा.

काळाठिपका

सगळे 'बुरशी' म्हणताहेत, पण कोणती? त्यावर बरंच काही ठरतं, आणि ढिगातून उचललेल्या कुजक्या फळात एकाच जातीची बुरशी असेल असं धरता येत नाही. बरेचदा वर दिसणारी काळी मखमल मागाहून आलेली असते आणि खरं काम खालच्या दुसऱ्याच जातीने केलेलं असतं.

मिरचीवर काढणीनंतर नेहमी भेटणाऱ्या अशा:

कोलेटोट्रायकम (करपा, फळसड). खोलगट गोल डाग, त्यात एकात एक वर्तुळं, ओलसर हवेत नारिंगी-गुलाबी बीजाणूंचा चिकट थर. हिची लागण शेतात हिरव्या फळावरच झालेली असते, पण ती सालीत दबा धरून बसते आणि फळ पिकल्यावर उठते. म्हणून काढणीला निर्मळ दिसलेला माल आठवड्याने डागतो. ही बुरशी आजूबाजूला अमोनिया सोडून सामू (पीएच) वाढवते. मिरचीच्या गराचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो. तो वर सरकला की ॲस्कॉर्बिक आम्ल आणखी अस्थिर होतं. म्हणजे डागाभोवती क जीवनसत्त्व जातं ते बुरशी 'खाते' म्हणूनच असं नाही.

अल्टरनेरिया. काळपट-हिरवी मखमल, देठाच्या टोपीवर किंवा ऊन लागून पांढऱ्या पडलेल्या जागी. धडधाकट सालीतून सहसा शिरत नाही, आधी इजा लागते.

बोट्रायटिस, म्हणजे करडी बुरशी. शून्य अंशाजवळही वाढते, त्यामुळे शीतगृहात हीच डोकं वर काढते.

रायझोपस. पाणीदार कूज, फळ पिशवीसारखं लोंबतं, रस गळतो. ५ अंशांखाली थंडावते. साखर आणि पेक्टिन सगळ्यात झपाट्याने हीच संपवते. तराजूंनी सांगितलेली रस गळण्याची भानगड मुख्यतः इथे.

फ्युजेरियम. फुलातून आत शिरते, बाहेरून फळ सुरेख आणि चिरलं की बियांवर पांढरी-गुलाबी लोकर. बाहेरून निवडलेल्या 'निरोगी' गटात अशी फळं हमखास घुसतात, म्हणून कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठीची फळंसुद्धा चिरून आत बघितल्याशिवाय घेऊ नका.

निळीशाई

सर्वांचे आभार. क जीवनसत्त्वाचे आकडे काढून टाकतो. तराजू, राखेने भागून पाहिलं, प्रथिनांचं गुणोत्तर दोन्ही गटांत जवळपास सारखंच येतंय.

काळाठिपका, मग प्रयोग नव्याने मांडायचा तर कसा मांडू? एकच बुरशी घेऊन?

काळाठिपका

हो, एकच. आणि कंट्रोल दोन हवेत, त्यावर जास्त जोर देतो.

आधी बुरशी वेगळी करा. डागाच्या कडेचे, अर्धं निरोगी अर्धं कुजकं असे ३ ते ५ मिलिमीटरचे तुकडे. मधला भाग नको, तिथे उपऱ्यांची गर्दी असते. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १ मिनिट, निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवा, टिपकागदावर टिपा, पीडीए या बुरशी वाढवायच्या माध्यमावर ठेवा (लिटरमागे २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ते २० ग्रॅम आगर, १२१ अंशांवर १५ मिनिटं). २५ अंशांवर ५ ते ७ दिवस. कडेचा धागा उचलून दुसऱ्या ताटलीत न्या, एका बीजाणूपासून शुद्ध वाण करा. तो निरोगी फळात घालून तीच लक्षणं आली आणि तीच बुरशी परत मिळाली, तरच पुढे जा.

मग बीजाणूंचं द्रावण, हिमोसायटोमीटरवर (सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या चौकटींच्या काचेवर) मोजून मिलीमागे १० लाख. एकाच रंगावस्थेची, एकाच दिवशी तोडलेली फळं. पृष्ठभाग निर्जंतुक करून, २ मिलिमीटर खोल टोचून, त्यात १० मायक्रोलिटर. २५ अंश, बंद डबा, तळाशी ओला कागद, फळं जाळीवर, म्हणजे पाण्याला टेकणार नाहीत.

कंट्रोल पहिला: पहिल्याच दिवशी तपासलेली फळं. कंट्रोल दुसरा: टोचलेली, पण बीजाणूंऐवजी निर्जंतुक पाणी घातलेली, त्याच डब्यात तितकेच दिवस ठेवलेली. दुसरा नसेल तर सगळा प्रयोग वाया, कारण ठेवलेल्या फळात क जीवनसत्त्व आणि रंगद्रव्यं बुरशीशिवायही बदलतात. हिरवी मिरची १०० ग्रॅमला सुमारे ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व देते, लाल सुमारे १३० मिलिग्रॅम. रंग पालटत असलेली फळं घेतलीत तर डब्यातच ती पिकतील आणि कॅरोटिनॉइडं चढतील. तो चढ आणि बुरशीमुळे होणारा उतार एकमेकांना झाकतात.

तपासणी ०, ३, ५, ७ व्या दिवशी. प्रत्येक वेळी फळाचे तीन भाग वेगळे: डाग, डागाभोवतीचा १ सेंटिमीटर, आणि दूरचा गर. तिन्हींचं वजन घ्या. तुमच्या 'कापून टाकलं तर' या प्रश्नाचं उत्तर या विभागणीतूनच येतं, अख्खं फळ वाटून ते मिळत नाही.

क्षारपाणी

त्या १ सेंटिमीटरबद्दल सावध. तिथे एकूण फिनॉल वाढलेले दिसतील आणि कुणीतरी 'बुरशीमुळे अँटिऑक्सिडंट वाढले' असं लिहून मोकळं होईल. वाढ असते, पण ती फळाच्या बचावाची असते. मिरची बुरशी शिरली की कॅप्सिडिऑलसारखी बुरशीरोधक द्रव्यं तयार करते (ते स्वतः टर्पिन गटातलं, फिनॉल नव्हे) आणि सोबत फिनॉलही साचवते. ते अन्नमूल्य म्हणून मिरवू नका. शिवाय फिनॉल मोजायचा फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मक ॲस्कॉर्बिक आम्लालाही प्रतिसाद देतो, मिरचीत ते भरपूर. ती वजावट न करता दिलेले फिनॉलचे आकडे निरोगी फळात फुगलेले असतात.

आणि पाण्याचा अंश १०५ ला काढू नका, कुजलेल्या नमुन्याचा तर नाहीच. यीस्टने केलेलं अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लही उडून जातं आणि पाणी म्हणून मोजलं जातं, उलट उरलेली साखर करपते. निर्वात ओव्हन, ७० अंश, वजन स्थिर होईपर्यंत.

तराजू

कापून टाकण्याबद्दल. पोषणाच्या हिशेबाने दूरचा गर बराचसा शाबूत असतो, निदान करप्यासारख्या कोरड्या, सावकाश पसरणाऱ्या डागात. क्षार कुठे जात नाहीत, कॅरोटिनॉइडंही बरीच टिकतात. टणक फळावर लहानसा डाग असेल तर भोवतालचा आणि खालचा किमान इंचभर भाग कापून उरलेलं वापरावं, असं अमेरिकी कृषी खात्याचं मार्गदर्शन आहे, आणि त्यात ढोबळी मिरचीचं नाव आहे. सुरी डागातून फिरवायची नाही, नाहीतर बीजाणू सगळ्या फळाला लागतात.

पेट्रीतली_नक्षी

इथे मी जरा कडक आहे. मिरची पोकळ आहे. इंचभराचा नियम भरीव गरात ठीक, पण मिरचीची भिंत काही मिलिमीटरची, ती पार करून बुरशी पोकळीत गेली की बियांवर आणि त्या धरणाऱ्या पांढऱ्या गाभ्यावर मोकळी पसरते. तेव्हा आधी फळ उभं चिरून आत पाहा. आत धागे, काळपट बिया किंवा कुबट वास असेल तर अख्खं फळ टाका. पाणीदार कूज असेल तर चिरायचेही कष्ट नकोत.

अल्टरनेरिया अल्टरनॅरिओल आणि टेन्युॲझोनिक आम्ल ही विषं करते. ती किती आत झिरपली ते रंगावरून कळत नाही, म्हणून पोषणाचा तक्ता चांगला आला तरी 'खाण्याजोगं' हा निष्कर्ष त्यातून काढता येणार नाही. त्याला वेगळी चाचणी.

वाळवलेल्या मिरचीत हा प्रश्न जास्त गंभीर. ॲस्परजिलस फ्लेव्हसचं अफ्लाटॉक्सिन, काळ्या ॲस्परजिलसांच्या काही जातींचं ओक्राटॉक्सिन. युरोपीय संघाची सुक्या मिरचीला मर्यादा किलोमागे अफ्लाटॉक्सिन बी-१ ५ मायक्रोग्रॅम, एकूण अफ्लाटॉक्सिन १० मायक्रोग्रॅम, ओक्राटॉक्सिन ए २० मायक्रोग्रॅम. शिजवून, तळून अफ्लाटॉक्सिन पुरेसं जात नाही. कुजकी फळं 'वाळवून पूड करू' म्हणून बाजूला काढली जातात, तिथेच घोळ होतो: सावकाश वाळणारा थर, रात्री झाकून ठेवलेला, मधे दमट राहिला की बुरशीला हवी तेवढी ओल आणि वेळ मिळते. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास, जलक्रियाशीलता (बुरशीला वापरता येणाऱ्या पाण्याचं माप) ०.६५ च्या खाली आणायची आणि तिथेच ठेवायची.

थंडघर

उशिरा आलो, पण साठवणीचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

ढोबळीला ७ ते १० अंश, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. २ ते ३ आठवडे टिकते. 'जितकं थंड तितकं बरं' हे मिरचीत उलटतं. ७ च्या खाली बरेच दिवस राहिली की थंडीची इजा होते: सालीवर खळगे, देठाची टोपी काळी, बिया तपकिरी, आणि त्या खळग्यांतून अल्टरनेरिया आत. थंडीत असताना फळ ठीक दिसतं, बाहेर काढल्यावर दोन दिवसांत उसळतं. त्यामुळे प्रयोगाची फळं फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवून मग वापरली असतील तर ती आधीच इजा झालेली आहेत.

धुण्याचं पाणी फळापेक्षा सुमारे ५ अंश गरम हवं. गरम फळ थंड पाण्यात टाकलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या टोपीतून पाणी, पाण्याबरोबर बीजाणू, आत ओढले जातात. मोकळा क्लोरिन १०० ते १५० पीपीएम, सामू ६.५ ते ७.५. नुसता क्लोरिन मोजून सामू न बघणारे बरेच असतात. सामू ८ च्या वर गेला की त्याच क्लोरिनचं काम निम्म्याहून कमी होतं. क्लोरिन पाण्यातले आणि सालीवरचे सुटे बीजाणू मारतो, सालीत दबा धरलेल्या करप्याला हात लावत नाही. त्यासाठी ५५ अंशांच्या पाण्याचा फवारा आणि ब्रश, सुमारे १२ सेकंद. जास्त वेळ दिला तर साल भाजते.

आणि कुजलेलं एक फळ खोक्यात राहिलं की शेजारची ओली होतात ती फक्त रसाने नाही. तराजूंच्या उदाहरणातली २४ ग्रॅम साखर जळली की सुमारे १४ ग्रॅम पाणी तयार होतं, वर उष्णता. बंद प्लास्टिकमध्ये ते पाणी आतल्या बाजूला थेंबांनी जमतं आणि धडक्या फळांच्या देठांवर पडतं. पिशवीला भोकं असावीत आणि भरण्याआधी फळं पूर्ण थंड झालेली असावीत.

निळीशाई

फळं दोन दिवस ४ अंशांवरच होती. नवी फळं घेऊन, दोन्ही कंट्रोल ठेवून, कोलेटोट्रायकमपासून सुरुवात करतो. एक शंका राहिली: डाग फार लहान असताना, म्हणजे तिसऱ्या दिवशी, डागाच्या भागातून १० ग्रॅम गर निघणार नाही. मग?

क्षारपाणी

५ ते ६ फळांचे डाग एकत्र करून एक नमुना धरा, असे निदान तीन नमुने. एकाच फळात चार-पाच ठिकाणी टोचलं तरी चालतं, पण मग दुसऱ्या कंट्रोललाही तितक्याच जखमा करा. २ ग्रॅम गर आणि २० मिली आम्ल घेतलं तरी एचपीएलसीला पुरतं. टायट्रेशनला मात्र ते फार थोडं पडतं.